हात घालण्यापूर्वी कमिट

प्रकल्प व्यवस्थित चालू असताना, मोठ्या बदलाला हात घालण्यापूर्वी, त्याच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद करून ठेवतात. या नोंदीला चेकपॉइंट म्हणतात. बदल फसला तर प्रकल्प पुन्हा त्या जागी आणता येतो. फाइल सेव्ह करण्याने हे साधत नाही, कारण सेव्ह केले की जुन्या मजकुरावर नवा चढतो. ‘अनडू’चा आधारही तोकडा. तो एका प्रोग्राममधल्या उघड्या फाइलपुरता असतो आणि प्रोग्राम बंद केला की बहुधा संपतो.

फोल्डरची कॉपी करून तिला ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशी नावे देणे हा याचा घरगुती प्रकार. काहीच न करण्यापेक्षा तो बरा. पण महिन्याभराने कोणत्या ‘फायनल’मध्ये काय आहे, हे कॉपी करणाऱ्यालाही सांगता येत नाही. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हापासून अशी बरीच साधने आली. आज सर्वाधिक चालते ते गिट. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम पूर्वी बिटकीपर या खासगी साधनावर चाले. त्याच्या फुकट वापराची मुभा काढून घेण्यात आली, तेव्हा २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले आणि काही दिवसांतच ते वापरण्याजोगे झाले.

गिटमध्ये चेकपॉइंट म्हणजे कमिट. ‘गिट स्टेटस’ने कोणत्या फाइली बदलल्या आणि कोणत्या अजून नोंदीतच नाहीत हे दिसते, ‘गिट ॲड’ने हव्या त्या फाइली निवडायच्या आणि ‘गिट कमिट’ने नोंद करायची. सोबत एक ओळ लिहावी लागते, आणि इथेच बहुतेकांचा आळस आडवा येतो. ‘बदल केले’ या संदेशातून पुढे काहीही कळत नाही. ‘लॉगिन चालू आहे, पासवर्डचे पान बदलण्याआधी’ असे लिहिले, तर परतायचे कुठे हे चटकन सापडते. त्यानंतर धोक्याचे काम वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे प्रकल्पाच्या समांतर शाखेवर करावे, तर मुख्य ब्रँचला धक्का लागत नाही.

कमिट झालेले आणि न झालेले काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘गिट रिसेट --हार्ड’ ही आज्ञा नोंदीतल्या फाइलींमधले कमिट न केलेले बदल काही न विचारता पुसून टाकते. ते गिटकडून परत मिळण्याची आशा जवळपास नसतेच. कमिट केलेले काम मात्र ब्रँच चुकून उडवली तरी ‘रिफ्लॉग’ या गिटच्या आतल्या नोंदवहीतून सहसा काढता येते. कोणत्याही ब्रँचशी न जोडलेल्या जुन्या कमिटच्या नोंदी तिथे ठरलेल्या सेटिंगनुसार ३० दिवस राहतात.

कोड लिहिणारी एआय साधने आल्यापासून ही सवय आणखी गरजेची झाली आहे. ती एका सूचनेवर डझनभर फाइली बदलतात आणि माणसाची नजर तेवढी फिरत नाही. कर्सर, क्लॉड कोड यांसारख्या साधनांत स्वतःचे चेकपॉइंट असतात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. उदाहरणार्थ, क्लॉड कोड आपल्या संपादनातून झालेले बदल मागे घेते. त्याने टर्मिनलवर आज्ञा देऊन उडवलेली फाइल त्या चेकपॉइंटमधून परत येत नाही.

गिटलाही मर्यादा आहेत. पासवर्ड असलेली ‘डॉट-ईएनव्ही’ फाइल मुद्दामच नोंदीबाहेर ठेवतात, आणि चालू डेटाबेस गिटमध्ये नसतोच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत, डेटाबेसच्या दोन सर्व्हरमधला बिघाड दुरुस्त करताना एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचे फोल्डर उडवले आणि सुमारे ३०० जीबी डेटा गेला. रोजचा बॅकअप पाहिला तर साठवणीची जागा रिकामीच. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, म्हणून तो फसत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. कंपनीला तारले ते चाचणीच्या कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. ग्राहकांचा गिटमधला कोड शाबूत राहिला, पण मधल्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी आणि प्रतिक्रिया गेल्या त्या गेल्याच.

त्यामुळे डेटाबेसच्या रचनेत बदल करायचा असेल, तर त्याची वेगळी प्रत घ्यावी आणि ती दुसरीकडे एकदा चढवून पाहावी. डेटाबेसमधले बदल मागे घेणारा ‘रोलबॅक’ आहेच, असे म्हणून ही पायरी गाळू नये. मायएसक्यूएलमध्ये टेबलची रचना बदलणारी आज्ञा चालू व्यवहार (ट्रान्झॅक्शन) तिथेच पक्का करून टाकते, मग रोलबॅकचा उपयोग नसतो. शिवाय गिटचे सगळे कमिट प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये, ‘डॉट-गिट’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतात. लॅपटॉपची डिस्क गेली की तेही जातात. म्हणून मोठ्या कामाआधी कमिटपाठोपाठ ‘गिट पुश’ करून एक प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवावी.