धंदा बदलतो, कारागिराचे काय?

‘काळ बदलला, धंदा बदला’ हा उपदेश चर्मकाराला आज सगळेच करतात. उपदेश खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सांगून ठेवला. उद्योग कधी स्थिर नसतो, तो एकाएकी पालटतो. अशा वेळी माणसाला व्यवसाय बदलता आला पाहिजे. जात तो बदलू देत नाही, म्हणून जात हेच बेकारीचे एक कारण ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. धंद्याला मदत करू पाहणाऱ्या कार्यकर्त्याने आरंभ येथून करावा.

कोल्हापुरी चपलेचेच पाहू. वस्तीत हिशेब मांडायला बसलो की मी पहिला प्रश्न मजुरीचा विचारतो. समजा, जोड ४०० रुपयांना गेला आणि चामडे, दोरा, रंग यांना २२० लागले. उरलेल्या १८० ला आमचा माणूस ‘नफा’ म्हणतो. पण त्याने तळ कापला, ठोकला. घरच्या बाईने वेणी विणली, शिलाई केली. दोघांची मजुरी धरली तर तो नफा नसतो, तोटा असतो. शतकानुशतके ज्याचे श्रम फुकट धरले गेले, तो स्वतःही ते फुकटच धरू लागतो. ही सवय मोडणे हा पहिला बदल.

दुसरा बदल कायद्याचा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. नोंदणी दोन राज्यांच्या महामंडळांच्या, म्हणजे लिडकॉम व लिडकर यांच्या नावे आहे. परंतु कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तो भरून घेणे हे सभेतल्या भाषणापेक्षा मोलाचे काम आहे.

अर्थात मानांकन रक्षण करते ते नावाचे. नाव न घेता कोणी घडणच उचलली तर ते तोकडे पडते. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाने अशाच घडणीच्या चपला उगम न सांगता मांडल्या. ओरड झाली, कंपनीने उगम मान्य केला, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला. तेव्हा आपण विचारायचे ते एवढेच: जोडामागे करणाऱ्याच्या हातात किती पडणार?

तिसरा बदल बाजाराचा. पूर्वी १००० रुपयांवरच्या जोडावर १८ टक्के कर बसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंत ५ टक्केच आहे. म्हणजे चांगल्या कामाची खरी किंमत मागायला थोडी जागा झाली. पण एकेकट्याने मागितली तर व्यापारी शेजारच्या दारात जातो. दहा घरांनी चामडे एकत्र घ्यावे, दर एकत्र ठरवावा, तरच ती जागा आपली.

आणि हे सारे करूनही मुलाने रापी हाती धरलीच पाहिजे, असे कोणी म्हणू नये. कला टिकावी म्हणून जात टिकवायची नसते. त्याला धंदा वाढवायचा असेल तर भांडवल मिळावे, सोडायचा असेल तर शिक्षण मिळावे. या दोन्ही वाटा खुल्या असतील, तरच त्याने केलेला बदल त्याचा स्वतःचा म्हणता येईल.