सर, आता मी काय करू?



जून महिना उजाडला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक वाक्य वरचेवर कानी पडते. "सर, आता मी काय करू?" विचारणारा असतो सतरा-अठरा वर्षांचा. मिसरूड फुटलेले, आवाज बदललेला, उंचीने बापाच्या वर गेलेला. कधी विचारणारी मुलगी असते आणि तिच्या मागे चार पावलांवर वडील टोपी हातात धरून उभे असतात. विज्ञान घेऊ की कला, गावी राहून शेती पाहू की शहरात कामाला जाऊ, एका विषयात राहिलो तर पुढे कसे. प्रश्न निरनिराळे, वाक्य मात्र एकच.

मी शिकवायला लागलो त्याला आता वीस वर्षे होतील. पहिली कित्येक वर्षे या वाक्याला मी तिथल्या तिथे उत्तर देत असे. हे घे, ते सोड, अमक्याला जाऊन भेट. मुलगा समाधानाने जाई आणि आपण उपयोगी पडलो असे मलाही वाटे. त्यांतला एक हुशार विद्यार्थी तीन वर्षे प्रत्येक बाबतीत मला विचारूनच वागला. पुढे त्याचे वडील अंथरुणाला खिळले, चुलत्यांनी जमिनीच्या वाटणीचा कागद पुढे केला आणि नेमका मी परगावी होतो. त्याने कागद न वाचता सही केली. नंतर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही नव्हता ना!" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते चार शब्द अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत. तीन वर्षांत मी त्याला उत्तरे पुष्कळ दिली होती. उत्तर शोधायला एकदाही बसवले नव्हते.

म्हणून आज हा विषय घेतला आहे. मूल कुमारवयातून बाहेर पडून जाणते होत असते, त्या मधल्या काळात अडचण सोडवण्याची विद्या त्याच्या अंगी कशी येते, आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यात काय करावे, हे थोडक्यात पाहू.

आपल्याकडे मतदानाचे वय पूर्वी २१ होते. १९८८ साली संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती केली आणि १९८९ पासून ते १८ झाले. अठरा पुरी झाली की मत देता येते, करार करता येतो, सही बंधनकारक होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माणूस एका दिवसात मोठा होतो. पण निर्णय घेण्याची शक्ती काही अशी एका रात्रीत येत नाही. बैल खोंड असताना त्याला आधी रिकामे जू ओढायला शिकवतात, मग हलके काम देतात, मग नांगराला जुंपतात. मुलांच्या बाबतीत मात्र सतरा वर्षे अकरा महिन्यांपर्यंत "तुला काय कळतंय?" आणि त्यानंतर "एवढा घोडा झालास, एवढंही कळत नाही?" अशी आपली रीत.

मुलाला कळायला लागते ते केव्हा आणि कसे, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांपुढे साध्यासाध्या वस्तू ठेवून ती कसा विचार करतात हे पाहिले आणि १९५५ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतला एक प्रयोग तुम्हाला शाळेत सहज करता येईल. एका दोऱ्याला दगड बांधून तो लंबकासारखा लोंबता ठेवायचा आणि मुलांना विचारायचे, "याचे झोके जलद किंवा सावकाश कशामुळे होतात?" दगड हलका-जड घेता येतो, दोरा लहान-मोठा करता येतो, दगड उंचावरून सोडता येतो, ढकलता येतो. लहान मूल सगळेच एकदम बदलते. दगड जड घेते, त्याच वेळी दोराही आखडते, आणि म्हणते, "जड दगडामुळे जलद झाले." चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, त्याला सवय लागलेली असेल तर, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. मग त्याला आढळते की फरक पडतो तो दोऱ्याच्या लांबीने. दगडाच्या वजनाने नव्हे.

आता यात विशेष ते काय? विशेष हे की समोर जे आहे त्याच्या पलीकडे जाऊन "असे असेल तर काय होईल?" हा विचार करण्याची ताकद या वयात येऊ लागते. पण ती सर्वांना सारखी येत नाही. पुढे १९७२ साली पियाजे यांनीच लिहिले की ही ताकद काहींच्या बाबतीत पंधरा ते वीस या वयात येते, आणि ती ज्याच्या त्याच्या कामधंद्यात व आवडीच्या विषयात आधी दिसते. हे आपण खेड्यात रोज पाहतो. बीजगणितात कच्चा म्हणून मागच्या बाकावर बसवलेला मुलगा पाण्याची मोटर बंद पडली की आधी वीज आहे का पाहतो, मग फ्यूज, मग फूटव्हॉल्व्ह. एकेक शक्यता तपासून दोष नेमका काढतो. त्याला विचार करता येत नाही असे कोण म्हणेल? त्याला येणाऱ्या विचाराची ओळख त्याला स्वतःला झालेली नसते, एवढेच. शिक्षक मित्रांनो, ती करून देणे आपल्या हातात आहे. "मोटर दुरुस्त करताना तू जे केलेस, तेच या उदाहरणात कर," एवढे सांगून पाहा.

दुसरी गोष्ट मेंदूची. मेंदूची चित्रे घेण्याची यंत्रे आल्यानंतर, विशेषतः १९९० नंतरच्या संशोधनात, असे दिसून आले की कपाळामागचा भाग, जो मनाला आवर घालतो, पुढचा विचार करतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. भावनेचा आणि उत्साहाचा जोर मात्र तेरा-चौदापासूनच वाढलेला असतो. पाणी जोरात आले आणि बांध अजून कच्चा आहे, अशी ही स्थिती. म्हणून सोळा वर्षांचा मुलगा निवांत बसून बोलला तर मोठ्या माणसासारखे शहाणपणाचे बोलतो, आणि त्याच संध्याकाळी मित्रांसमोर नदीच्या पुरात उडी टाकतो. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघा संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याचा खेळ मुलांना, तरुणांना आणि प्रौढांना पडद्यावर खेळायला दिला. कधी एकट्याने, कधी बरोबरीचे सोबती पाहत असताना. सोबती असताना कुमारवयीन मुलांनी फारच जास्त धोका पत्करला. प्रौढांच्या खेळात मात्र विशेष फरक पडला नाही. तेव्हा चारचौघांत पोराला "बोल, काय ठरवलंस?" असे विचारू नये. घरी, जेवणे झाल्यावर, ओट्यावर बसून विचारावे. उत्तर वेगळे मिळेल.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. जॉर्ज पोल्या नावाचे हंगेरीत जन्मलेले गणिती अमेरिकेत प्राध्यापक होते. गणित सोडवावे कसे यावर त्यांनी १९४५ साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: प्रश्न नीट समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा, आणि शेवटी मागे वळून पाहा. पायऱ्या गणितासाठी सांगितल्या असल्या तरी संसारातल्या अडचणींनाही त्या चालतात. उदाहरणच घेऊ.

आमच्या भागातल्या एका खेड्यातली मुलगी. दहावीला चांगले गुण मिळाले, तालुक्याच्या गावी अकरावीत नाव घातले. दिवाळीनंतर वडील म्हणाले, "शाळा पुरे झाली." मुलगी रडत माझ्याकडे आली. "सर, बाबांना समजावून सांगा." पूर्वीचा मी असतो तर सायकल काढून तिच्या घरी गेलो असतो. या वेळी तिला कागद दिला आणि म्हटले, "बाबा नको का म्हणतात, ते त्यांनाच विचारून लिहून आण."

दोन दिवसांनी ती आली. बाबांचा शिक्षणाला विरोध नव्हताच. आठवड्यातून दोन दिवस प्रात्यक्षिके उशिरापर्यंत चालत, साडेपाचची बस चुके, आणि पुढच्या बसने फाट्यावर उतरून अंधारात दोन किलोमीटर चालत यावे लागे. बघा, "मुलीला शिकवायचे की नाही?" हा प्रश्न कुठल्या कुठे गेला आणि "दोन दिवस साडेपाचची बस कशी गाठायची?" हा प्रश्न उरला. पहिल्याला उत्तर नव्हते, भांडण होते. दुसऱ्याला उत्तरे होती.

मग मी म्हटले, "सुचतील तेवढे उपाय लिही. वेडेवाकडे असले तरी लिही, खोडू नकोस." तिने सहा लिहिले. मावशीकडे राहणे, वसतिगृह, फाट्यावर सायकल ठेवणे, बसची वेळ बदलून घेणे, त्याच वाटेने जाणाऱ्या इतर मुलींनी मिळून येणे, प्रात्यक्षिकांची वेळ बदलून घेणे. प्रत्येकापुढे खर्च किती, कोणाला विचारावे लागेल, फसले तर काय, हे मांडले. तिने बसचा उपाय निवडला. तीन गावांतल्या अकरा मुलींच्या सह्या घेऊन अर्ज केला. उत्तर आले, वेळ बदलता येत नाही. तीच गाडी पुढे दुसऱ्या गावच्या कामगारांना घेऊन जाते. कारण योग्यच होते.

मुलगी खचली. इथेच चौथी पायरी कामाला येते. मागे वळून पाहा. पहिला उपाय फसला म्हणजे आपण फसलो असे नव्हे. कागदावर अजून पाच होते, आणि अकरा सह्या हाताशी होत्या. त्याच सह्या घेऊन ती प्राचार्यांकडे गेली. बाहेरगावच्या विद्यार्थिनींची प्रात्यक्षिके सकाळच्या तुकडीत घालून मिळाली. मी कोणाला एक शब्दही बोललो नव्हतो.

अपयशानंतर पुन्हा उभे राहण्याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. दापोलीजवळच्या मुरूडहून परीक्षेसाठी भर पावसात, डोंगर ओलांडून, सुमारे एकशेदहा मैल चालत ते साताऱ्याला गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. तेव्हा ते सतरा वर्षांच्या आसपासचे होते. पुढे १८८१ साली, तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले, १८८४ साली बी.ए. झाले, गणिताचे प्राध्यापक झाले, आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाच्या नशिबी एवढे काही आहे हे त्या दिवशी कोणाला सांगता आले असते?

शेवटी आईवडिलांसाठी आणि गुरुजींसाठी दोन-तीन गोष्टी. पहिली, चूक झाली तरी भरून निघेल अशी कामे मुलांवर लवकर सोपवा. बाराव्या वर्षी आठवड्याच्या बाजाराचा हिशेब, पंधराव्या वर्षी एका वाफ्यात काय लावायचे तो निर्णय, सतराव्या वर्षी बँकेतले आणि तलाठ्याकडचे काम. वाफा वाया गेला तर जाऊ द्या. पण "मी म्हणालोच होतो" हे वाक्य गिळून टाका. दुसरी, मुलाने विचारले की लगेच सांगू नका. "तुला काय वाटतं? दुसरं काय करता येईल? ते केलं तर पुढे काय?" हे तीन प्रश्न आधी विचारा.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सगळ्याच अडचणी मुलावर सोडायच्या नसतात. कर्ज, मारहाण, व्यसन, कोणाकडून होणारा छळ, यांत मोठ्यांनी पुढे व्हायलाच हवे. आणि एखादा मुलगा बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, "आता कशात राम नाही" असे म्हणू लागला, तर त्या वेळी पायऱ्या शिकवत बसू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये. सरकारने २०२२ साली टेलि-मानस नावाची मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे, क्रमांक १४४१६. शाळेच्या फळ्याच्या एका कोपऱ्यात हा क्रमांक कायमचा लिहून ठेवावा, अशी माझी शिक्षक मित्रांना विनंती आहे. मदत कोणाकडे मागावी हे कळणे, हाही अडचण सोडवण्याचाच एक भाग आहे.

तो वाटणीच्या कागदावर सही करणारा विद्यार्थी आता गावीच शेती करतो. गेल्या वर्षी तो आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला होता. मुलाने विचारले, "सर, कोणती शाखा घेऊ?" मी काही बोलण्याआधीच बाप म्हणाला, "आधी कागद घे. कोणत्या कोणत्या घेता येतील ते लिही." मी खुर्ची पुढे सरकवली आणि त्या दोघांना माझ्याच टेबलाशी बसू दिले.