हिरवे कुंपण : वाढीचा वेग आणि त्यानंतरचा प्रश्न

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटच्या दिशेने जातो. पूर्वी तो कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. २०१३ मध्ये उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्याने स्पर्धा परीक्षांच्या निमित्ताने राजधानीत येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हा परिसर अपरिचित नाही. प्रशस्त आवारांचे बंगले ही या भागाची मूळ रचना होय. आज त्याच मार्गावर बहुमजली कार्यालये उभी आहेत आणि वाहनांची वर्दळ अखंड असते. अशा रस्त्यालगतच्या आवारात कुंपणाला लागून दाट झाडोरा असावा, बाहेरची नजर अडावी आणि धूळ थोपवली जावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. (आवाजाच्या बाबतीत मात्र मोठी आशा धरू नये, मीटरभर रुंदीच्या झुडपांनी गोंगाट फारसा कमी होत नाही.) ही अपेक्षा त्वरित पूर्ण व्हावी म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती निवडल्या जातात. तथापि, हवी ती उंची गाठल्यानंतर त्या वनस्पतीचे काय होते, हा प्रश्न वेगाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

याचे पहिले कारण कायद्यात आहे. दिल्ली वृक्ष संरक्षण अधिनियम, १९९४ नुसार जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर ज्याच्या खोडाचा व्यास किमान ५ सेंटिमीटर आहे आणि ज्याची उंची किमान १ मीटर आहे, अशी फांद्या धारण करणारी काष्ठमय वनस्पती म्हणजे ‘वृक्ष’ होय. ही मर्यादा किती खालची आहे, हे विद्यार्थ्यांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावे. पडदा म्हणून ओळीने लावलेली आणि छाटणीवाचून राहिलेली जलद वाढीची रोपे काही वर्षांतच तिच्यात येऊ शकतात आणि मग ती तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. १५.७ सेंटिमीटरपर्यंत घेर असलेल्या फांद्या विशिष्ट पूर्वपरवानगीविना छाटण्याची मुभा देणारे मार्गदर्शक तत्त्वही दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरविले. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. बांबूची गोष्ट थोडी निराळी. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तो गवतवर्गीय असून भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘वृक्ष’ या संज्ञेतून तो २०१७ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. पडद्यासाठी तो उत्तम, परंतु बेटाने वाढणारी जातच घ्यावी. जमिनीखालून धावणारी जात शेजाऱ्याच्या आवारात केव्हा उगवेल याचा नेम नसतो.

दुसरे कारण पर्यावरणाचे आहे. जी वनस्पती कोणत्याही मातीत, पाण्यावाचून आणि जनावरांच्या तोंडी न लागता वाढते, ती कुंपणाची रेषा ओलांडण्याचीही शक्यता असते. आपण जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतो ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा व कुंपण म्हणून भारतात आणली गेली; आज तिने मध्य भारतातील वनांचे मोठे क्षेत्र व्यापले आहे. दिल्लीच्या रिज भागात ब्रिटिश काळात लावलेल्या विलायती किकरने, म्हणजेच वेड्या बाभळीने, तेथील मूळ झाडोरा मागे सारला. अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे. रस्तोरस्ती हिरवी भिंत उभारण्यासाठी लोकप्रिय झालेल्या या झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. परागकणांमुळे होणारा आरोग्याचा त्रास आणि मुळांमुळे भूमिगत वाहिन्यांची होणारी हानी, ही त्यामागील कारणे देण्यात आली.

मग निवड कशाची करावी? दिल्लीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हिवाळ्यात तो ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि बहुतांश पाऊस पावसाळ्याच्या अल्प काळातच पडतो. हे सारे सोसून वारंवार छाटणी सहन करणारे झुडूप हवे. मेंदी या कसोटीस उतरते. कोयनेलही दाट वाढते. परंतु ती मुळात समुद्रकिनाऱ्यावरील असल्याने महाराष्ट्रात ती अधिक निर्धास्तपणे लावता येते. बोगनवेलीस पाणी अत्यल्प लागते आणि तिचे काटे राखणीचे काम करतात. अडुळसा जनावरे सहसा खात नाहीत. कुंती सुगंधी व डौलदार खरी, पण तिची वाढ संथ असते. शिवाय लिंबूवर्गीय फळझाडांवरील सिट्रस सिला ही कीड तिच्यावर पोसली जाते, म्हणून विदर्भातील संत्राबागांच्या शेजारी ती टाळणेच श्रेयस्कर.

दाटपणा केवळ जातीवर अवलंबून नसतो. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या कळ्यांची वाढ रोखून धरते. जीवशास्त्रात यास अग्रप्रभाव म्हणतात. शेंडा खुडला की हा प्रभाव ओसरतो आणि बाजूच्या फांद्या फुटतात. म्हणूनच उंचीच्या घाईने पहिली दोन वर्षे कात्री न लावलेले कुंपण उंच होते, पण पायथ्याशी उघडे पडते, आणि नेमका तेथेच आडोसा हवा असतो. मेंदीची रोपे पावसाळ्याच्या प्रारंभी दोन ओळींत, नागमोडी पद्धतीने, सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. रोपे गुडघाभर होताच शेंडे खुडावेत. पुढील छाटणी करताना कुंपणाचा तळ माथ्यापेक्षा रुंद ठेवावा, जेणेकरून खालच्या पानांनाही सूर्यप्रकाश मिळतो. या रीतीने माणसाच्या उंचीचा पडदा तयार होण्यास साधारणतः दोन-तीन वर्षे लागतात. तोवर बांबूच्या तट्ट्या किंवा हिरवी जाळी बांधून काम भागवता येते.