खो-खोचे विश्वविजेतेपद आणि डांगची कन्या

सन २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्ली येथे इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली आणि तीत भारताच्या महिला संघाने अजिंक्यपद पटकाविले, ही वार्ता आमच्या सभासदांच्या वाचनात आली असेलच. त्या संघातील पंधरा मुलींपैकी एक, ओपिना भिलार, ही आपल्या शेजारच्या डांग जिल्ह्यातील बिलीआंबा या खेड्याची कन्या, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटली असावी. अमेरिकेत शाळकरी मुलींच्या जीवनात सॉफ्टबॉलला जे स्थान आहे, ते आपल्याकडे खो-खोला आहे. तेथे निदान चेंडू, बॅट आणि हातमोजा लागतो; येथे दोन खांब रोवले की खेळ सुरू.

त्या सप्ताहाची हकीकत थोडक्यात अशी. १४ जानेवारीस, सारी सुरत गच्चीवर पतंगांत दंग असता, आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाचा १७५ विरुद्ध १८ गुणांनी पराभव केला. पुढे इराण (१००-१६), मलेशिया (१००-२०), उपउपांत्य फेरीत बांगलादेश (१०९-१६) आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका (६६-१६) हे संघ हरले. या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. प्रतिस्पर्धी बहुतेक नवशिके होते, आणि खेळ तर आपल्या घरचा. खरी कसोटी लागली ती १९ तारखेस, नेपाळशी झालेल्या अंतिम सामन्यात.

या स्पर्धेचे नियम परंपरागत खो-खोहून काहीसे निराळे होते. नऊऐवजी सात खेळाडू, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, आणि प्रत्येक बाद गड्यामागे दोन गुण. पळणाऱ्या तिघींची तुकडी दीर्घकाळ टिकली, तर तिलाही गुण मिळत. पहिल्या पाळीत कर्णधार प्रियांका इंगळे हिच्या संघाने ३४ गुण मिळविले. नेपाळचे खाते रिकामे राहिले. परंतु दुसऱ्या पाळीत नेपाळच्या मुली त्वेषाने धावल्या आणि मध्यंतरास फलक ३५-२४ असा झाला. अकरा गुण म्हणजे अवघ्या सहा गड्यांचे अंतर! तिसऱ्या पाळीत आपल्या मुलींनी ते ७३-२४ पर्यंत वाढविले, आणि चौथ्या पाळीत कर्नाटकची चैत्रा बी. हिने पळतीत अशी चिकाटी दाखविली, की शेवट ७८-४० असा झाला. महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, दिल्ली अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या मुली एका पंक्तीत बसून एकमेकींच्या हाकेवर उठत होत्या.

गुजरातचा या खेळाशी असलेला संबंध जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम बांधले. त्यानंतर बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२४ च्या सुमारास नियमावली छापली. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कोल्हापुरास १९६०-६१ साली झाली. खो-खोतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली सुधीर परब यांना लाभला, आणि पुढच्याच वर्षी अचला देवरे या तो मिळविणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. दोघेही गुजरातचे खेळाडू, आणि आडनावे आपल्या मराठी वाचकांना घरची वाटणारी.

डांगही आपल्याला परका नाही. १ मे १९६० रोजी तो गुजरातेत गेला, तत्पूर्वी त्याच्यावरून दोन्ही बाजूंनी बरीच खडाजंगी झाली होती. तेथील बोली आजही खानदेशच्या कानाला ओळखीची लागते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या चौघींपैकी सरिता गायकवाड ही डांगचीच, आणि तीही आधी खो-खोच खेळत असे. मात्र याच डांगातून, तसेच नंदुरबार-धुळ्याकडून, दिवाळीनंतर शेकडो कुटुंबे कोयता घेऊन बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस येतात. आईबापांबरोबर मुलीही येतात. शाळा सुटते, आणि शाळेबरोबर संघही सुटतो. शर्यतीत न हरता बाद होणाऱ्या या मुलींची नोंद कोणत्याच फलकावर होत नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. व्यापारी जैन कुटुंबांतील मुली अशा संघांत क्वचितच दिसतात. कारणे विचारली असता तीन ऐकू येतात : बाहेरगावचे जेवण, सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम, आणि 'उन्हात मुलगी काळवंडते.' तिसऱ्या कारणाचा विचार करण्याची आवश्यकता नाही. पहिली दोन विचारार्ह आहेत, परंतु असाध्य नाहीत. सुरतेचे सुपुत्र शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबईस मातोश्रींच्या नावाने जो राजाबाई टॉवर उभारविला, तो १८७८ साली पूर्ण झाला. अंध राजाबाईंना सायंकाळच्या भोजनाची वेळ त्याच्या टोल्यांवरून कळत असे, अशी आख्यायिका आहे. नियम सोडण्याऐवजी त्याची सोय करण्याची ही आपली जुनी रीत. त्याच शेठजींनी सुरतेत वडिलांच्या नावाने कन्याशाळाही काढविली. सरावासाठी सकाळची वेळ आणि प्रवासात एक स्वयंपाकी, एवढी सोय आपल्या कोणत्याही पेढीस जड नाही.

मोठ्यांच्या खो-खोला जागा लागते ती २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. शहरातील शाळांना तेवढी मोकळी भूमी मिळणे अवघड झाले आहे. तथापि आपल्या वाड्यांची आणि संस्थांची पटांगणे वर्षातील बहुतेक दिवस रिकामीच असतात. ती सकाळी दोन तास उघडावीत. आणि ऊसतोडीच्या महिन्यांत डांगच्या खेळाडू मुलींना गावीच राहून शाळा व सराव चालू ठेवता यावा, यासाठी तेथील एखाद्या वसतिगृहास धान्य, डाळ आणि तेल पोचविण्याचा विचार कार्यकारी मंडळाने दिवाळीपूर्वीच करावा, कारण कोयते त्यानंतर लगेच निघतात.