स्वप्नातली गाडी आणि मोरीचा प्रश्न

आमच्या घरात गेले सहा महिने एका पाहुणीची चर्चा चालली आहे. ती अजून आलेली नाही, कधी येईल तेही ठाऊक नाही. पण तिची उंची, वजन, रंग, खाणंपिणं यांवर रोज रात्रीची जेवणं उरकतात. ही पाहुणी म्हणजे गाडी! तीही साधीसुधी नव्हे. डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी, आणि जिथे लॉज नाही, धाबा नाही, तिथेही चार माणसांना खाऊ घालून झोपवणारी.

हे वेड ह्यांना मोबाइलवर लागलं. कोणी लडाखला अशी गाडी घेऊन चाललंय, कोणी वाळवंटात चहा करतंय, आणि हे वसमतच्या घरात पलंगावर पडून ते पाहताहेत. यंदा हळदीची पट्टी बरी आली आणि वेडाला पाय फुटले. एका रविवारी ह्यांनी मुलाची चित्रकलेची वही घेतली आणि गाडीचा आराखडाच काढला. पुढे लोखंडी बंपर, त्यावर चिखलातून गाडी ओढून काढायची विंच, पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून छतापर्यंत नेलेली नळी, छतावर दिव्यांची रांग, दिव्यांमागे पाण्याची टाकी. मागे दोन बाकं, एक शेगडी.

मी वही दोनदा उलटसुलट करून पाहिली. म्हटलं, "अहो, सगळं छान आहे. पण मोरी कुठाय?"

"मोरी? रानात जायचं तर मोरी कशाला?"

मैत्रिणींनो, तुम्हाला हसू आलं असेल. मला नाही आलं.

तहान मारून केलेला प्रवास

तीन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याच्या जीपने कोकणात गेलो होतो. सकाळी निघताना मी अर्धा कप चहा घेतला आणि दुपारपर्यंत घोटाघोटानं ओठ ओले केले. का, ते तुम्हाला सांगायला नको. पुरुषमाणसं गाडी थांबवून झाडामागे जाऊन येतात. आपण मात्र पुढच्या पेट्रोल पंपाची वाट बघत बसतो, आणि तिथल्या दाराला कुलूप! परत आले ती थंडीताप आणि लघवीची जळजळ घेऊनच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "प्रवासात पाणी प्यायला नव्हता ना?" पाणी कमी प्यायचं आणि लघवी तासन् तास दाबून धरायची, या दोन्हींनी जंतूंना आयतं रान मिळतं. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण ठाऊक असून उपयोग काय?

सासूबाईंची गोष्ट तर याहून वेगळी. वय बहात्तर, गुडघे गेलेले, खाली बसता येत नाही. पाच वर्षांत त्या इथल्या इथे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनालाही आल्या नाहीत. कुठे निघालो की "मी घरीच बरी, तुम्ही जाऊन या" म्हणायच्या. आम्हाला वाटे, वयानं हौस संपली असेल. त्या दिवशी मोरीवरून आमचा वाद चालला होता आणि त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "बसायची सोय असली तर मी बी येते की."

पाच वर्षं! आणि एवढ्याशा गोष्टीसाठी. ह्यांनी मुकाट्यानं वहीचं पान उलटलं. दुसरा आराखडा आम्ही दोघांनी मिळून काढायचा ठरला.

दिंडीचा ट्रक काय शिकवतो

असली गाडी म्हटली की परदेशच डोळ्यांपुढे येतो. पण आषाढीला दिंड्यांबरोबर पंढरपूरला जाणारे ट्रक आपण दरसाल पाहतोच ना? राहुट्या, चुलवण, पातेली, धान्याची पोती, आजारी माणूस, सगळं घेऊन तो ट्रक रोज नव्या गावी शेकडो माणसांचा संसार मांडतो आणि पहाटे मोडतो. सासूबाई तरुणपणी चार वाऱ्या चालल्या आहेत. त्यांनी मला एक सूत्र दिलं: आधी लागेल ते शेवटी चढवायचं. मुक्कामी पोचल्यावर पहिल्यांदा पाणी, मग चहाचं पातेलं, मग सतरंजी. चहाचं पातेलं पोत्यांखाली गेलं की दिंडीभर भांडणं!

आमच्या आराखड्यातली शेगडी पुढच्या सीटमागे होती आणि डबे तिच्यावरच्या कप्प्यात, अंथरुणांच्या पलीकडे. म्हणजे चहा करायचा तर आधी सगळ्यांना उठवा. आम्ही स्वयंपाक मागच्या दाराशी आणला. दार उघडलं की ओटा समोर, बाई जमिनीवर ताठ उभी, वाफ आणि फोडणीचा धूर बाहेर.

पायरीपायरीनं लक्षात आलं की इंजिनाचं सोडलं तर या गाडीत नवं असं काही नाही. दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार मांडलेल्या कोणत्याही बाईला हे शास्त्र येतं.

खडूची गाडी

मापांवर मात्र कागदाचा भरवसा धरू नये. ओळखीच्या एकांची उंच टपाची व्हॅन आहे. तिची ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा टेपनं मोजली: लांबी दहा फूट, रुंदी साडेपाच. तेवढा चौकोन आम्ही गच्चीवर खडूनं आखला. ओटा म्हणून पत्र्याची पेटी, मोरी म्हणून दोन फुटी पाट, बाकं म्हणून खाटा. आणि एक रात्र चौघं तिथे झोपलो.

एका रात्रीत काय काय कळलं! बाक वीतभर उंच ठेवलं तर सासूबाईंना उठता येईना. खुर्चीच्या उंचीचं, म्हणजे दीड फुटाचं केलं तर हात न धरता उठल्या, शिवाय खाली सामानाला जागा झाली. मोरी आत टोकाला असेल तर रात्री उठणारा तिघांना तुडवून जातो. ती दाराजवळ हवी. आणि माझ्या लेकाला एका जागी निजता येत नाही, हे तर आधीच ठाऊक होतं!

१९२७ साली क्लेरेनोर श्टिनेस नावाची सव्वीस वर्षांची जर्मन मुलगी मोटारीनं जगप्रदक्षिणेला निघाली. सैबेरियात गोठलेल्या बैकाल सरोवरावरून, दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या कड्यांवरून गाडी काढत १९२९ मध्ये बर्लिनला परतली. सुमारे सत्तेचाळीस हजार किलोमीटर! तिची आडलर गाडी कारखान्यातून निघणाऱ्या इतर गाड्यांसारखीच होती. मुद्दाम करून घेतला बदल म्हणजे पाठ टेकून झोपता येईल अशा सीट. बाईला नेमकं कळलं होतं, की माणूस थकला तर गाडी कितीही दणकट असून काय करायची?

पाण्याचं वजन, विजेचा हिशेब

मी शाळेत आठवड्यातून तीन दिवस शिकवते. त्या सवयीनं पाटीवर हिशेब मांडला. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, भांडी-हातपाय-मोरीला आणखी पाच. चौघांना दिवसाला चाळीस, दोन दिवसांना ऐंशी लिटर. ऐंशी लिटर म्हणजे ऐंशी किलो, गाडीत न दिसणारा एक धष्टपुष्ट पाहुणाच! ह्यांनी ती टाकी छतावर काढली होती, नळाला आपोआप धार येईल म्हणून. पण डोक्यावर वजन घेतलेली गाडी वळणावर आणि उतारावर कलंडायला बघते. टाकी खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये हवी, आणि आत आडवे पडदे हवेत. नाहीतर अर्धी टाकी हिंदकळून गाडी हिसके खाते. पाणी वर चढवायला पायानं दाबायचा छोटा पंप पुरतो.

गॅसचा घरचा सिलिंडर लोखंड धरून तीस किलोच्या आसपास भरतो. पाच किलोवाला पुरे. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीबाहेर उघडणारं भोक हवंच. गाडी चालू असताना नळ बंद. आणि थंडी कितीही असो, खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. त्या हवेनं झोपेतच माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

विजेचं गणित ऐकून मीच चकित झाले. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे आपल्या मीटरवरचं जेमतेम सव्वा युनिट! त्यातही साधी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. एवढ्यात दिवे, पंखा, मोबाइल निभतील, छतावर सौर पाटा असेल तर छोटा फ्रीजही. इस्त्री आणि विजेची शेगडी मात्र विसरा. मिक्सरऐवजी खलबत्ता घेतलाय.

प्रेशर कुकर मात्र हवाच. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे पाणी शंभर अंशांना नव्हे, अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी कच्चीच.

चिखलातली परीक्षा

ह्यांच्या चार चाकांच्या जोराला मी नावं ठेवत नाही. मराठवाड्याची काळी माती पावसात काय करते, ते शेताला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. साध्या गाडीत एक चाक चिखलात गरगरू लागलं की जोर त्याच चाकाला जातो आणि कोरड्यातलं चाक स्वस्थ उभं राहतं. डिफरन्शियल लॉक लावला की दोन्ही चाकं बरोबर फिरतात आणि गाडी निघते. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोच्या, गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे असे लॉक मिळतात. पण तिच्यात आम्हा चौघांची अंथरुणं, ओटा आणि मोरी बसत नाही. त्याच कंपनीच्या ट्रॅव्हलरमध्ये उभं राहता येतं, जागा ऐसपैस. पण जोर मागच्या दोनच चाकांना.

वाट हवी की मोकळीक? इथे आम्ही पंधरा दिवस अडलो. शेवटी मी म्हटलं, गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे गेलो ते लिहून काढू. लिहिलं. सगळे प्रवास डांबरी रस्त्यानं, वाईट वाट असली तर शेवटच्या मैल-दोन मैलांची. तेवढ्यासाठी चांगले टायर, चिखलात त्यांची हवा थोडी उतरवायची अक्कल, परत भरायचा पंप, एक फावडं, दोन फळ्या, दोर आणि "इथून पुढे चालत जाऊ" म्हणण्याचा शहाणपणा पुरतो. विंच खोडली. ह्यांचा चेहरा उतरला. म्हणून नळी ठेवली.

कागदावरचं पक्कं करा

कोणी मैत्रीण हे मनावर घेणार असेल तर एवढं सांगते. कापाकापी करण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टानंही २०१९ च्या जानेवारीत तेच सांगितलं. परवानगी घेऊन केलेला बदल आरसी बुकात चढवून घ्यावा, विमा कंपनीलाही कळवावा. गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा बांधून सीटवरच बसायचं. झोपायची बाकं मुक्कामी. आणि नुसती हौस भागवायची असेल तर भाड्याची गाडी बघा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचं धोरणच आणलं आहे.

आणि मोरी?

मोरीचा शोध सगळ्यांत स्वस्त निघाला. औषधाच्या दुकानातून घडीची कमोडखुर्ची आणली, तिच्या बादलीला घट्ट झाकण, वखारीतून पोतंभर लाकडाचा भुसा. प्रत्येक वेळी वरून दोन ओंजळी भुसा टाकला की वास येत नाही. भोवती जाड कापडाचा पडदा. परतल्यावर ते सगळं शेतात खोल खड्डा करून पुरायचं. ओढ्याकाठी, विहिरीजवळ मात्र कधीच नाही.

गाडी यायला वेळ आहे, पण खुर्चीला काय मुहूर्त लागतो? दिवाळीनंतर दिराची जीप मागून घेतली, मागे खुर्ची टाकली आणि औंढा करून लोणारला गेलो. उल्का आदळून झालेलं, पावणेदोन किलोमीटरच्या वर पसरलेलं ते विवर सासूबाईंनी काठावरूनच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वाटेत दोनदा पडदा लावावा लागला, त्यातला एकदा माझ्यासाठी.

परतताना उन्हं कलली होती. मागच्या सीटवरून आवाज आला, "सूनबाई, तांब्या दे गं इकडं. तहान लागली."

मी तांब्या पुढे केला. त्या भरपूर पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "ते लडाख का काय म्हणतो हा, किती लांब आहे?"

ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. वहीचं तिसरं पान आता सुरू झालं आहे. त्यात मोरी सगळ्यांत आधी काढली आहे, आणि ती ह्यांनी काढली आहे.