मंद्र सुराचा अधिकार
ध्वनिमुद्रिकांचे अंतरंग : लेखांक नववा

गेल्या लेखांकात कृत्रिम प्रतिध्वनीचा विचार करताना, गायकाच्या आवाजाभोवती अवकाशाचा आभास निर्माण करणाऱ्या साधनांची आपण ओळख करून घेतली. आज त्याच आवाजाच्या खाली उतरावयाचे आहे. कारण कित्येक उत्तम ध्वनिमुद्रिकांत श्रोत्याचे चित्त वेधून घेणारा आवाज एक असतो आणि त्याला उभे राहण्यास भूमी देणारा दुसराच असतो, व ह्या दुसऱ्याला रीतसर दाद देण्याची वहिवाट रसिकांत अद्यापि पुरती पडलेली नाही. ह्या विवेचनासाठी मी जी ध्वनिमुद्रिका निवडली आहे ती माझ्या अत्यंत आवडीची आहे: मार्व्हिन गे ह्या अमेरिकी गायकाची, डेट्रॉइट शहरातील मोटाउन कंपनीने मे १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. तिच्या शीर्षकगीतात बेस गिटार वाजविणाऱ्या जेम्स जेमर्सनचे वादन आणि त्याच्या वाद्याचा नाद हा आजचा विषय आहे.

जेमर्सनची थोरवी सांगताना त्याच्या बोटांचे कौशल्य आणि त्याच्या वाद्याचा नाद ह्यांची दोन निरनिराळ्या सदरांखाली स्तुती करण्याचा प्रघात आहे. माझे म्हणणे असे की, ह्या दोहोंची फारकत करताच येत नाही. किंबहुना तो जितके स्वर वाजवितो तितके वाजविण्याची मुभा त्याला त्याच्या नादानेच मिळवून दिलेली आहे. हे विधान सिद्ध करावयाचे तर प्रथम त्या ध्वनिमुद्रिकेची आणि ती जेथे जन्मली त्या जागेची थोडी हकिगत सांगितली पाहिजे.

९ गीते आणि सुमारे ३५ मिनिटे एवढाच हिचा विस्तार. परंतु ही गीते सुटी सुटी नसून एकातून दुसरे उमलावे अशी जोडलेली आहेत. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या धाकट्या भावाच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींनी मार्व्हिन गे हादरून गेला होता, आणि प्रेमगीतांवर मिळविलेली लोकप्रियता पणाला लावून त्याने युद्ध, दारिद्र्य, व्यसनाधीनता आणि दूषित होत चाललेली सृष्टी हे विषय हाती घेतले. शीर्षकगीताचे बीज मात्र ‘फोर टॉप्स’ ह्या गायकवृंदातील ओबी बेन्सनचे आहे. १९६९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तरुणांवर पोलिसांनी केलेला बळाचा वापर पाहून त्याच्या मनात उठलेल्या प्रश्नातून ते गीत निघाले, आणि अल् क्लीव्हलंड व मार्व्हिन गे ह्यांच्या हातून त्याला आजचे रूप आले. कंपनीचे मालक बेरी गॉर्डी ह्यांना हे गीत मुळीच रुचले नव्हते. परंतु जानेवारी १९७१ मध्ये ते एकटेच प्रसिद्ध होताच असे खपले की, त्या मागोमाग संपूर्ण ध्वनिमुद्रिकेची मागणी करण्यावाचून कंपनीला गत्यंतर राहिले नाही.

विषय असा दाहक असूनही गायकाचा आवाज कोठेही चढत नाही, हे ह्या कृतीचे पहिले वैशिष्ट्य. तो विनवितो, समजावितो, आपल्याच आवाजाच्या दुसऱ्या पदराशी संवाद करतो. क्रोधाला त्याने आपल्या कंठात थारा दिलेला नाही. मग त्या काळाची अस्वस्थता गेली कोठे? माझ्या मते ती खाली, बेसमध्ये, उतरली आहे. वर गायक शांत आहे आणि खाली एक सूर क्षणभरही स्वस्थ बसावयास तयार नाही, ह्या विरोधातच त्या गीताचा प्राण आहे.

हा अस्वस्थ सूर ज्याचा, तो जेमर्सन १९३६ साली दक्षिण कॅरोलायना राज्यातील एडिस्टो बेटावर जन्मला आणि १९५४ मध्ये डेट्रॉइटला आला. शाळेत असताना त्याने डबल बेस हे माणसाच्या उंचीचे लाकडी वाद्य हाती घेतले व शहरातील जॅझच्या मैफलींत त्याची तालीम झाली. १९५९ पासून तो मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांत वाजवू लागला. वेस्ट ग्रँड बुलव्हार्ड ह्या रस्त्यावरील एका साध्या निवासी घरात कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह होते. छतावरून लोंबणाऱ्या तारांच्या जंजाळामुळे वादक त्या खोलीला सापांचा खड्डा म्हणत. विजेवर चालणारी बेस गिटार जेमर्सनने तेथेच आपलीशी केली. परंतु डबल बेसवर कमावलेली सवय त्याने सोडली नाही, आणि ह्या सवयीतच आपल्या विषयाची किल्ली आहे.

ती सवय म्हणजे उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तार छेडण्याची. बेस गिटार वाजविणारे बहुतेक वादक तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालवितात. जेमर्सन मात्र तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपवरील धातूच्या झाकणावर उरलेली बोटे टेकवून एका बोटाने सगळा कारभार पाहत असे, म्हणून सहकाऱ्यांनी त्या बोटाचे नावच ‘हुक’ असे पाडले होते. त्याचे वाद्य १९६२ सालचे फेंडर प्रिसिजन. ३४ इंच लांबीच्या तारांचे, कारखान्यातून हजारोंनी निघणाऱ्या नमुन्यांपैकी एक. वैशिष्ट्य होते ते त्यावरील तारांत. त्या फ्लॅटवाउंड जातीच्या, म्हणजे गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळून गुळगुळीत केलेल्या, जाड व वाद्याच्या बोटपट्टीपासून उंच ताणलेल्या असत, आणि तुटल्याखेरीज तो त्या बदलीत नसे. शिवाय तारांना टोकाशी आधार देणाऱ्या ब्रिजच्या झाकणाखाली बसविलेला फोमचा तुकडा तारांना किंचित दाबून धरी.

ह्या तजविजीचा परिणाम काय होतो तो नीट पाहिला पाहिजे. नवी, खरखरीत तार छेडली असता तिच्यातून मूळ स्वराबरोबर उंच उपस्वरांचा चमकदार थवा उठतो व तो बराच वेळ रेंगाळतो. जुनी, गुळगुळीत, फोमने दाबलेली तार तसे करीत नाही. तिचा स्वर भरदार उमटतो, पण त्याचा उजाळा चटकन विझतो, आणि पाठोपाठ स्वरही आटोपतो. कागदावर लिहिलेला तोच स्वरसमूह पहिल्या तारेवर वाजविला तर मागचा स्वर पुढच्यात मिसळून गढूळपणा येईल आणि गायकाच्या शब्दांची व्यंजने त्यात बुडून जातील. दुसऱ्या तारेवर मात्र प्रत्येक स्वर आपले काम करून वेळेवर दूर होतो व पुढच्याला जागा मोकळी करून देतो. जेमर्सनला इतके बोलता आले ते त्याच्या नादाने पाल्हाळ टाकले होते म्हणूनच.

आणखी एक गोष्ट भौतिकशास्त्राची आहे. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ आंदोलने करते. त्या काळच्या मोटारीतील रेडिओचे लहान कर्णे एवढे खोल कंपन निर्माण करू शकत नसत. तरीही तो स्वर ऐकू येई, कारण ८२, १२४, १६५ अशा चढत्या उपस्वरांच्या रांगेवरून आपला कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मोटाउनमध्ये गीताची अखेरची पारख लहान कर्ण्यावरही केली जात असे. अशा पारखीत टिकावयाचे तर हे खालचे उपस्वर भक्कम असले पाहिजेत आणि वरची चमक नसली तरी चालते. जेमर्सनच्या नादाची घडण नेमकी अशीच होती. शिवाय तेथे बेसचा सूर कर्ण्यापुढे मायक्रोफोन ठेवून न घेता थेट मिश्रणयंत्रात नेण्याची सोय होती, त्यामुळे ह्या नादात खोलीची घुमण फारशी मिसळली नाही.

आता शीर्षकगीताकडे वळू. आरंभी भेटीगाठी घेणाऱ्या मित्रांचे बोलणे ऐकू येते, त्यावर ईली फॉन्टेनचा आल्टो सॅक्सोफोन तरंगत येतो, आणि कोंगाच्या ठेक्याखाली बेस चालू लागतो. कडव्याची चाल ‘ई मेजर सेव्हन’ आणि ‘सी शार्प मायनर सेव्हन’ ह्या दोन स्वरसंघांच्या दरम्यान झुलते. सामान्य वादक येथे पहिल्या मात्रेवर एकेक मूळ स्वर ठेवून स्वस्थ राहिला असता, आणि त्यात कोणी कसूर काढली नसती. जेमर्सन मूळ स्वर ठेवतो खरा, पण लगेच मात्रेच्या अलीकडे-पलीकडे आघात देत, मध्येच मोकळ्या तारेचा आधार घेत, अर्धस्वरांच्या लहान पायऱ्यांनी पुढच्या स्वरसंघाच्या दारापाशी जातो व ठरल्या क्षणी आत शिरतो. तबल्यात डग्ग्याची घुमक जशी ठेक्याचा हिशेब सांभाळूनही स्वतःचे काही बोलत असते, तसाच हा प्रकार आहे. काही स्वर तर पूर्ण उमटतही नाहीत. बोट तारेला लागल्याचा नुसता ठसका ऐकू येतो, आणि लयीला टोक येते ते अशाच ठसक्यांनी. पुढे शब्द थांबून गायक निरर्थक अक्षरांच्या आलापीत शिरतो, तेथे स्वरसंघ एकाएकी ‘ए मायनर’कडे झुकतो. ई मेजरच्या उजेडावर ही सावली पडते तेव्हा बेसची चाल बदलते, पण तिचे वजन बदलत नाही. श्रोत्याला खोली वाढल्याची जाणीव होते, मात्र धक्का बसत नाही.

जून १९७० मध्ये झालेल्या ह्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी जेमर्सनने जमिनीवर उताणे पडून वाजविले, अशी कथा वारंवार सांगितली जाते. मला तीहून उद्बोधक वाटते ती वाद्यमेळ रचणाऱ्या डेव्हिड व्हॅन डी पिटची साक्ष. तो सांगतो की, ह्या गीतातील बेसचा मजकूर त्याने जेमर्सनच्याच धाटणीने लिहून काढला होता व जेमर्सनने तो आनंदाने वाजविला. हा दाखला जेमर्सनच्या श्रेयाला उणेपणा आणीत नाही. उलट एका वादकाची वाणी इतकी स्वतंत्र झाली होती की दुसऱ्याला तिच्यात लिहिता यावे, असेच त्यावरून ठरते. मात्र लिहिलेल्या स्वरांत तो नाद कोठेच लिहिलेला नव्हता, आणि त्यावाचून तो मजकूर गायकाच्या मार्गात आला असता.

ह्याच ध्वनिमुद्रिकेत ‘मर्सी मर्सी मी’ आणि ‘इनर सिटी ब्लूज’ ह्या गीतांना बॉब बॅबिट ह्या दुसऱ्या थोर वादकाची साथ आहे. ‘इनर सिटी ब्लूज’मध्ये तो एकच काळोखी स्वरवाक्य धीराने घोळवीत राहतो, दारिद्र्याच्या कोंडीत सापडलेल्या वस्तीचे ते गीत असल्यामुळे तेथे न हलणारा बेसच शोभतो. दोघांची ही गीते लागोपाठ ऐकली तर मंद्र सप्तकातून भावनेचे किती निरनिराळे अर्थ सांगता येतात ह्याची खातरजमा होते.

मोटाउनच्या वेष्टनांवर ह्या वादकांची नावे छापण्याची रीत तोवर नव्हती. एका तपाच्या अनामिक चाकरीनंतर ती येथे प्रथम छापली गेली, आणि जेमर्सनच्या नावामागे ‘अतुलनीय’ असे विशेषण लागले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलविला. जेमर्सनही तिकडे गेला. पण आता चकचकीत, झणझणीत तारांच्या बेसचा काळ आला होता, आणि जुन्या तारा व जुनी रीत न सोडणाऱ्या ह्या कलावंताचे काम आटत गेले. नाद बदलण्याचा आग्रह त्याला का मानवला नाही हे आता आपल्याला समजू शकते: नाद बदलता तर त्याचे वादनही बदलावे लागले असते. ऑगस्ट १९८३ मध्ये, ४७ व्या वर्षी, तो निवर्तला. मृत्यूच्या थोडे दिवस आधी त्याचे ते वाद्य चोरीस गेले ते पुन्हा मिळाले नाही. २००० साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने साथीच्या वादकांना सन्मान देण्याचा प्रारंभ केला, तेव्हा पहिल्याच यादीत त्याचे नाव होते.

वाचकांस माझी विनंती अशी की, हे शीर्षकगीत एकदा केवळ बेसकडे कान लावून ऐकावे आणि लगेच दुसऱ्यांदा केवळ शब्दांकडे. पहिल्या वेळी स्वरांची एवढी वर्दळ आढळेल की शब्दांना जागा कशी उरली असेल असा प्रश्न पडावा; दुसऱ्या वेळी एकही शब्द झाकला गेलेला आढळणार नाही. एवढे सांगून एकाही शब्दाची वाट न अडविणे हाच साथीच्या कलेचा परमोत्कर्ष होय, आणि जेमर्सनला मी केवळ उत्तम साथीदार न म्हणता मोठा कलावंत म्हणतो ते ह्याच आधारावर.

पुढील लेखांकात ह्याच ध्वनिमुद्रिकेतील तंतुवाद्यांच्या मेळाचा, आणि एकाच कंठाचे दोन पदर एकमेकांवर ठेवण्याच्या तंत्राचा विचार करू.