शोभिवंत माशांच्या मोठ्या टाकीसाठी गाळणीची निवड

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी बंधूंनी हा जोडधंदा हाती घेण्यापूर्वी गाळणीचा विचार अवश्य करावा. कारण पाणी स्वच्छ दिसत असूनही मासे मरू शकतात.

माशांच्या उत्सर्गापासून व उरलेल्या खाद्यापासून अमोनिया हे विष तयार होते. ते डोळ्यांस दिसत नाही. तुरीच्या मुळांवरील गाठींत जसे उपयुक्त जीवाणू नांदतात, तसेच गाळणीतील खडी व स्पंज यांवरही वेगळ्या जातीचे जीवाणू वाढतात. ते अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सारांश, गाळणी ही केवळ चाळणी नव्हे.

पिलांच्या लहान टाकीस वायुपंपावर चालणारी स्पंजची गाळणी पुरते. तीत पिले ओढली जात नाहीत. 500 लिटरच्या टाकीस मात्र शेजारी स्वतंत्र गाळणटाकी जोडावी. पाणी आधी स्पंजातून व मग खडीतून जावे. पंप ताशी सुमारे 2,000 लिटर पाणी फिरविणारा असावा.

उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो व अमोनिया अधिक घातक ठरतो. अशा वेळी वीज गेल्यास मासे व जीवाणू दोन्ही गुदमरतात. म्हणून बॅटरीवर चालणारा वायुपंप जवळ ठेवावा.

जीवाणूंची वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडावेत. स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. ते पाणी परसबागेस द्यावे. भाजीपाल्यास ते उपयोगी पडते.